नसलेल्या पानांची यादी

फोनवर आकडा ऐकून फाईल रिकामी आहे हे ओळखणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या वर्तमानपत्राच्या सिकंदराबादच्या ऑफिसात ते कॉम्प्युटर विभाग सांभाळत. मी तिथे उपसंपादक होतो. त्या संध्याकाळी नामपल्ली भागाचा बातमीदार बाहेरून बातमी पाठवून, त्यांच्या नियमाप्रमाणे, तिचा चेकसम फोनवर वाचून दाखवत होता. "डी, चार, एक, डी, आठ" एवढं झाल्यावर यांनी त्याला थांबवलं.

"बस. फाईल रिकामी है."

"साहेब, अजून सत्तावीस अक्षरं राहिलीत."

"राहू द्या. रिकाम्या फाईलला सगळ्या दुनियेत हाच आकडा येतो. बातमी तुमच्याकडेच राहिली. शोधून पाठवा."

बातमी खरोखरच त्याच्याकडे राहिली होती. त्याने नाव देऊन फाईल तयार केली होती आणि मजकूर भलत्याच फाईलमध्ये लिहिला होता.

शाळेत गुणाकार झाला की त्याचा ताळा घेत, तसाच हा चेकसमचा प्रकार. कमांड दिली की मशीन फाईलमधलं अक्षर न् अक्षर वाचतं आणि शेवटी एक आकडा काढतं. आकडा म्हणायचा, पण त्यात इंग्रजी अक्षरंही असतात. पाठवणाऱ्याकडचा आणि घेणाऱ्याकडचा आकडा जुळला तर मजकूर जसाच्या तसा पोचला. मध्ये एक स्वल्पविराम जरी गळला तरी आकडा पूर्ण बदलतो. त्यांचे वडील जुन्या शहरातल्या शाळेत गणित शिकवत. ताळा न घेता उत्तर लिहिणाऱ्याला ते वर्गाबाहेर उभं करत. मुलगा बातमीदारांना दाराबाहेर उभं करी.

हे दार सर्व्हरच्या खोलीचं. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. ते स्वतः मोजे घालून फिरत. खोली थंड असे, म्हणून उन्हाळ्यातही गळ्याशी मफलर. भिंतीला लागून युनिक्स प्रणालीवर चालणारं जुनं मशीन होतं, कपड्यांच्या कपाटाएवढं. त्याच्यासमोर एक स्टूल. आलेल्या माणसाने त्या स्टुलावर बसून आपलं काम थोडक्यात सांगायचं. बातमी काय आहे ते सांगू लागलं की ते हात वर करत.

"मजकूर नक्को. आकडा बोला."

त्यांनी आमचं वर्तमानपत्र कधी वाचलं नाही. हे ऐकीव नाही. मी त्यांना विचारलं होतं. "छापायला जाण्याआधी पडताळलंय," ते म्हणाले. "मग वाचायचं कशाला?"

माणसांना ते हुद्द्याने हाक मारत. मी 'उपसंपादक' होतो. कँटीनमध्येसुद्धा "उपसंपादक, मीठ द्या" असंच म्हणत.

त्यांच्या या पडताळ्याचा सगळ्यात जास्त धसका घेतला होता तो एका वार्ताहराने. दरवर्षी जानेवारीत नामपल्लीच्या मैदानावर प्रदर्शन भरतं आणि त्याच्या गर्दीची बातमी द्यावी लागते. या वार्ताहराने एका वर्षी आधीच्या वर्षाची फाईल काढली, तिचं नाव बदललं आणि पाठवून दिली. ती आमच्या टेबलावर येण्याआधीच त्याला बोलावणं आलं. मी तेव्हा त्यांच्या खोलीत स्टुलावर होतो, म्हणून पुढचं संभाषण मला ठाऊक आहे.

"ही बातमी मागच्या जानेवारीत आली होती."

"नाही साहेब, नाव बघा, नवीन आहे."

"नाव फाईलच्या बाहेर असतं. आकडा आतल्याचा येतो. नाव बदललं म्हणून आतला माणूस बदलला का?"

वार्ताहराने थोडा विचार केला. "साहेब, मागच्या वर्षीही गर्दीच होती."

"हौ. मग तिथे जाऊन नवी गर्दी बघून या."

तो गेला. परत येताना यांच्यासाठी मिरची भजी घेऊन आला. ती त्यांनी खाल्ली, पण दुबार बातमीची वहीतली नोंद खोडली नाही.

त्यांच्या काचीगुड्याच्या घरी मी एकदाच गेलो. त्यांच्या पत्नी बोलक्या. नवरा समोर बसलेला असताना त्या मला म्हणाल्या, "ह्यांच्यावर काम सोपवायचं म्हणजे नीट सांगून सोपवावं लागतं. पुतणीच्या लग्नात पंगत बघा म्हटलं, तर येऊन सांगितलं, दोनशे चाळीस ताटं बरोबर. आम्ही निवांत. मागच्या रांगेत आत्याबाई रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या."

"ताटं मोजायला सांगितली होती," ते म्हणाले.

"जेवायला बसवलं होतं माणसांना."

"ते तुम्ही बोलल्या नाहीत."

हा वाद जुना असावा. दोघांनीही आवाज चढवला नाही. चहा आला.

आता त्यांच्या रजिस्टरबद्दल. आमच्या वर्तमानपत्राच्या जुन्या अकरा वर्षांच्या छापील फायली तळघरात वाळवीने खाल्ल्या होत्या. त्याआधी कोणीतरी शहाणपणाने त्यांची पानं स्कॅन करून घेतली होती. ती पानं फक्त या युनिक्स मशीनवर होती, दुसरीकडे कुठेही नाहीत. एका महिन्याच्या सगळ्या पानांची एक डिरेक्टरी, म्हणजे फाईली ठेवायचा कप्पा. ते त्याला 'कपाट' म्हणत. अशी एकशे बत्तीस कपाटं. दर शनिवारी ते पायातले मोजे बदलून बसत, एकेका कपाटाला कमांड देत, येणारा आकडा लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात लिहीत आणि मागच्या शनिवारच्या आकड्याशी ताडून बरोबरची खूण करत. एकोणीस वर्षं. इतक्या खुणांत एकही फुली नव्हती. पाहुणे आले की संपादक त्यांना ते रजिस्टर दाखवायला नेत. चपला काढून.

जुन्या मशीनचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा व्यवस्थापनाने नवं मशीन घेतलं आणि ते बसवायला पुण्याच्या एका बाईंना नेमलं. त्या चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. हे त्यांना 'पुणेकर मॅडम' म्हणत, हाही त्यांच्या मते हुद्दाच होता. मॅडमनी सगळी पानं नव्या मशीनवर उतरवली. आता राहिलं होतं एक प्रमाणपत्र: सर्व मजकूर जसाच्या तसा नव्या मशीनवर आला आहे. त्यावर यांची सही झाली की जुनं मशीन भंगारात जाणार होतं आणि रिकाम्या खोलीत जाहिरात विभाग बैठका घेणार होता. महिनाअखेर यांची निवृत्तीही होती. निरोप समारंभात रजिस्टर काचेच्या पेटीत ठेवून ती पेटी संपादकांच्या केबिनबाहेर लावायची, असं ठरलं होतं. पेटी करायला दिलीही होती.

त्यांनी सही केली नाही. कारण विचारलं तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना, मॅडमना आणि मला, नव्या मशीनसमोर उभं केलं. मला साक्षीदार म्हणून. एका कपाटाचं नाव टाइप करून कमांड दिली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: ही डिरेक्टरी आहे. आकडा आला नाही.

"बघा," ते म्हणाले. "जुन्या मशीनला विचारलं की ते अदबीने आकडा देतं. याला विचारलं तर हे मलाच सांगतं, ही डिरेक्टरी आहे. मला मालूम नाही का? मी बनवली."

"सर, ते बरोबर सांगतंय," मॅडम म्हणाल्या. "ही कमांड फाईलची आहे. डिरेक्टरीला स्वतःचा मजकूर नसतो."

"मग जुनं मशीन एकोणीस वर्षं कशाचा आकडा देत होतं?"

"तेच मी विचारणार होते."

मॅडमनी रजिस्टर मागून घेतलं, वीसएक पानं उलटली.

"सर, यात एकदाही फरक आला नाही?"

"एकदाही नाही."

"मधल्या काळात डिस्क बिघडली? वीज गेली? डिस्क भरली?"

"सगळं झालं. तरी फरक नाही." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"मला त्याचीच काळजी वाटते," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी जुन्या मशीनवर एक चाचणीचं कपाट बनवलं, आत तीन लहान फाईली ठेवल्या आणि कपाटाला कमांड दिली. आकडा आला. मग मॅडम फाईल उघडून मजकूर बदलणार, तोच यांनी त्यांना थांबवलं आणि स्वतः स्टुलावर बसले. "मी करतो. दुसऱ्याच्या हातचा पुरावा नक्को." त्यांनी एका फाईलमधला सगळा मजकूर पुसला आणि जागच्या जागी एक अक्षर लिहिलं. कपाटाला पुन्हा कमांड दिली. आकडा तोच आला. दुसरी फाईल पुसली. तोच. तिसरी पुसली. तोच. मग मॅडमनी सांगितलं म्हणून त्यांनी एका फाईलचं नुसतं नाव बदललं. आकडा बदलला.

कारण साधं होतं. जुन्या पद्धतीचं ते युनिक्स डिरेक्टरीलाही एक फाईल समजून वाचायचं. आणि डिरेक्टरीत लिहिलेलं काय असतं, तर आतल्या फाईलींची नावं आणि त्यांचे डिस्कवरचे क्रमांक. एवढंच वाचून ते आकडा काढायचं. आतल्या पानांना त्याने कधी हातही लावला नव्हता. नव्या मशीनने निदान तसं तोंडावर सांगितलं.

त्यांनी मॅडमकडून रजिस्टर परत घेतलं आणि मिटलं.

"म्हणजे मी हजेरीपट वाचत होतो," ते म्हणाले. "वर्गात कोण बसलंय ते पाहिलंच नाही."

मॅडमनी समजूत घातली नाही. त्यांनी सगळ्या फाईलींना एकेक करून कमांड द्यायची व्यवस्था केली आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक पानाचा आकडा छापून दिला. तो गठ्ठा त्यांनी गुडघ्यावर घेतला आणि बोटाने ओळ न् ओळ खाली उतरत गेले. तिसऱ्या कागदावर बोट थांबलं. डी, चार, एक, डी, आठ. खालच्या ओळीत पुन्हा तेच. त्याच्या खाली पुन्हा.

"उपसंपादक, मोजा."

मी मोजली. अशी चौऱ्याहत्तर पानं निघाली. कधीतरी डिस्क भरली असताना ही पानं त्याच फाईलींवर पुन्हा लिहिली गेली होती. नावं राहिली, मजकूर मावला नव्हता. पुढे आणखी एका महिन्यात लागोपाठ एकतीस पानांना एकच आकडा होता. उघडून पाहिलं तर एकतिसांवर एकाच साडीच्या दुकानाची जाहिरात. स्कॅन करणाऱ्याने एकच पान एकतीस नावांनी जमा केलं होतं. नाव बदलून बातमी पाठवणाऱ्या वार्ताहराला यांनी दोन मिनिटांत पकडलं होतं. हा माणूस त्यांच्या कपाटात एकोणीस वर्षं निर्धास्त राहिला होता.

दुसऱ्या दिवशी जनरल मॅनेजर खोलीत आले. चपला न काढता आले, हे सगळ्यांनी पाहिलं. त्यांना आदल्या दिवसाची हकीकत कळली होती. ते स्वभावाने वाईट नव्हते. त्यांना खोली हवी होती.

"क्या साब," ते म्हणाले, "तीस साल पुराना पेपर. कौन देखता?"

"मैं देखा ना," हे म्हणाले.

"आपकी इज्जत का सवाल है. डब्बा भी बन गया शीशे का. दस्तखत करो, आराम से घर जाओ."

"इज्जत का ही बोल रहा हूँ मैं."

त्यांनी मुदत मागितली. आकड्यांनी फक्त रिकामी आणि दुबार पानं सापडली होती. एखादं पान अर्धं फाटल्यासारखं असेल, तळाशी काळं पडलं असेल, तर त्याचाही आकडा नीटच येणार. आधीचा खरा आकडा कोणाकडेच नव्हता, ताडायचं कशाशी? मग एकच रस्ता राहत होता. प्रत्येक पान उघडायचं आणि डोळ्यांनी बघायचं. जनरल मॅनेजरांनी नऊ आठवडे दिले. मधेच यांची निवृत्ती झाली. निरोप समारंभ पुढे ढकलला गेला, पण गेटवरचा पास त्याच दिवशी बंद झाला. तेव्हापासून ते पाहुण्यांच्या वहीत नाव लिहून येत. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात ते 'पान क्रमांक अमुकपासून' असं लिहीत. पहारेकऱ्याने दोन दिवस हरकत घेतली, मग सोडून दिलं.

दिवसाला सातशे पानं. पहिले चार दिवस ते पानाचे चार कोपरे बघून पुढे जात. पाचव्या दिवशी दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"उपसंपादक, या सायकलवाल्याचं पुढे काय झालं?"

"कोणता सायकलवाला?"

"मारेडपल्लीच्या वकिलाची सायकल चोरली. आरोपीला पकडलं. 'सुनावणी सोमवारी' म्हणून छापलंय तुम्ही. सोमवारचा अंक पाहिला, मंगळवारचा पाहिला. एक अक्षर नाही."

"साहेब, मी तेव्हा शाळेत होतो."

"तुमचं नाही, पेपरचं विचारतोय. माणूस सुटला का आत गेला?"

"तेव्हाचं आता कोण सांगणार?"

"म्हणजे पाठपुरावा नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर रोज एक-दोन फोन येत. एका पुलाचं उद्घाटन तीनदा झालं होतं, ते त्यांनी शोधून काढलं. एका मंत्र्याचं छायाचित्र तीन वेगवेगळ्या माणसांच्या नावाने छापलेलं होतं, तेही. डब्यातली भाकरी हातात तशीच राही, असं मॅडम सांगत. सातशेचे दिवसाला पाचशे झाले. मॅडमनी एकदा विचारलं, "सर, वेळेत होईल ना?" तर ते म्हणाले, "हौ, होईल. पण या बाईची सासू कोर्टात काय बोलली ते बघून घेऊ द्या." शेवटच्या दोन आठवड्यांत ते सकाळी आठला गेटवर हजर असत.

नवव्या आठवड्याच्या शुक्रवारी शेवटचं पान संपलं. आणखी आठ पानं अर्धवट निघाली. चौऱ्याहत्तर रिकामी, साडीच्या जाहिरातीखाली गेलेली तीस आणि ही आठ: एकशे बारा. जाहिरातीचं खरं पान एक होतं, ते त्यांनी वजा केलं होतं.

प्रमाणपत्रावरची 'सर्व मजकूर जसाच्या तसा' ही ओळ त्यांनी पट्टी लावून खोडली. खाली हाताने लिहिलं: 'पुढील एकशे बारा पाने सोडून. ती माझ्या देखरेखीत गेली.' मग एकशे बारा पानांची तारीखवार यादी जोडली आणि सही केली. जनरल मॅनेजरांनी वाचून कपाळाला हात लावला. यादी राहू द्या, पण 'माझ्या देखरेखीत' एवढे दोन शब्द काढा, असं ते म्हणाले. तुमच्याच भल्यासाठी सांगतो. मग जनरल मॅनेजर मॅडमकडे वळले. मॅडमनी पेन काढलं, यांच्या सहीखाली साक्षीदार म्हणून आपली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मीही केली. खोली त्याच संध्याकाळी रिकामी झाली. काचेच्या पेटीत काय ठेवायचं यावर कोणी बोललं नाही. समारंभात चहा आणि समोसे होते. भाषण त्यांनीच आवरतं घ्यायला लावलं.

त्या यादीची एक प्रत त्यांनी स्वतःजवळ ठेवली. मला वाटलं होतं, आठवण म्हणून ठेवली असेल.

मागच्या दिवाळीत माझ्या मावशीच्या दिलसुखनगरच्या घरी ते सपत्नीक फराळाला आले होते. ओळख जुनी निघाली, म्हणून बोलावलं होतं. मावशी चिवडा घेऊन बाहेर आली तर पाहुणे दिवाणखान्यात नाहीत. ते स्वयंपाकघरात स्टुलावर चढले होते. वरच्या फळीवरचे डाळींचे डबे एकेक करून ओट्यावर उतरवून ठेवले होते, चष्मा कपाळावर सारला होता आणि फळीवर अंथरलेला वर्तमानपत्राचा पिवळा पडलेला कागद ते नाकाशी धरून वाचत होते. हातात यादी होती. त्यातल्या एकोणीस ओळींवर तोवर लाल रेघ आलेली होती. अशी एकोणीस घरं झाली असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"अहो, हे काय चालवलंय?" मावशीने विचारलं.

"ताई, हे घर तुम्ही कधी घेतलं?"

"झाली की तीसेक वर्षं. का?"

"बरोबर आहे." त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "हे पान माझं आहे."

मावशीने त्यांच्या पत्नीकडे पाहिलं. पत्नी चकली खात होत्या. "देऊन टाका," त्या म्हणाल्या. "आमच्या नणंदेकडे तर सबंध कपाट उतरवलं होतं."

"अहो, पण डब्यांखाली मी काय घालू?"

"ते नंतर बघू," ते स्टुलावरून म्हणाले. "याचा खालचा कोपरा चिकटलाय, जोरात ओढला तर फाटेल. थोडं कोमट पाणी आणता का?"